टाकीला हार

आमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला शेवंतीचा हार कोणी आणि का घातला, याविषयी अकोल्यातल्या आमच्या जठारपेठेत सध्या तीन हकिकती फिरत आहेत. एका हकिकतीत मला दृष्टान्त झाला आहे. दुसरीत टाकीतलं पाणी आपोआप गोड झालं आहे. तिसरी माझी बायको शकुन सांगते, आणि तिच्यात माझ्या नावामागे जे विशेषण लागतं ते ऐकल्यापासून कोपऱ्यावरचा न्हावीदेखील माझ्याशी दबकून बोलतो. तेव्हा खरं काय झालं ते एकदा सांगून टाकलेलं बरं.

आमच्या वरच्या खोलीत तीन मुली भाड्याने राहतात. रुबीना मूर्तिजापूरची. ती एका तपासणी केंद्रात लोकांचं रक्त काढते, पण स्वभावाने गरीब आहे. हर्षा दर्यापूरची. ती एका सरकारी परीक्षेचा अभ्यास करते. परीक्षा सारखी पुढे ढकलली जाते, त्यामुळे अभ्यास उत्तम झाला आहे. तिसरी नीलम, अमरावतीची. ती मोबाइलच्या दुकानात आहे, आणि जगातली प्रत्येक वस्तू फोनवर मागवता येते अशी तिची श्रद्धा आहे. तिघींत मिळून एक चहाची केटली, एक बरा आरसा आणि एक झकास ओढणी आहे. जिला महत्त्वाचं काम असेल ती त्या दिवशी ओढणी नेते. बाकीच्या दोघी गच्चीच्या कठड्यावरून तिला टा-टा करतात आणि ती वळली की तिच्या चालण्याची नक्कल करतात.

हिवाळ्यातल्या रविवारी त्या केस धुऊन गच्चीवर उन्हात बसतात, ओला हरभरा सोलून खातात आणि गल्लीतल्या प्रत्येक माणसावर मत देतात. खाली अंगणात मी वर्तमानपत्र वाचत असल्यासारखं करतो. वर हसू फुटलं की मी पान उलटतो, म्हणजे आपल्याला ऐकू आलं नाही असं होतं. असा माझा रविवार बरा जातो.

तर एका संध्याकाळी रुबीना खाली आली आणि पायरीवर बसली. नेहमी ती बसत नाही, दारात उभी राहूनच बोलते.

"काका, अब्बा येऊन राहिले. रविवारी. खोली पाहाले."

"मग येऊ दे की. चांगली आहे खोली."

"ते म्हणून राहिले का खोली सोड अन् गाडीनं जाणं-येणं कर. मूर्तिजापूर ते अकोला, रोज. म्हणते परगावी पोट्टी एकटी राहाते, आमच्या जिवाले घोर लागते."

रुबीनाची ड्यूटी सकाळची. गाडीने यायचं तर तिला कोंबड्याच्या आधी उठावं लागलं असतं, आणि रविवारची गच्ची कायमची गेली असती. ओढणीचं काय झालं असतं हा प्रश्न वेगळाच. तिने मान खाली घातली होती. मागे जिन्यावर हर्षा आणि नीलम अशा उभ्या होत्या, जणू हिला आत्ताच बैलगाडीत बसवून नेणार आहेत.

मी म्हणालो, "तुझ्या अब्बांशी मी बोलतो."

शकुनने आतून भांडं जरा जोरात ठेवलं. मी एखाद्याशी बोलतो म्हणालो की तिच्या हातून भांडं जोरात ठेवलं जातं.

गयासुद्दीनभाईंचं मूर्तिजापुरात गाद्यांचं दुकान आहे. फोनवर आवाज भारदस्त होता. मी त्यांना खात्री दिली. "आमच्याकडे अगदी शांतता असते, गयासुद्दीनभाई. कोणी कोणाच्या भानगडीत पडत नाही. वर कोण आलं, कोण गेलं, आठ-आठ दिवस आम्हाला खाली कळत नाही."

मग ते म्हणाले, "अस्सं."

त्यांच्यावर चांगला परिणाम झाला, असं मी शकुनला सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा भाजी निवडू लागली.

आता पाहुणा घरी येणार तर त्याला जेवायला काय घालायचं, यावर वरच्या मजल्यावर बैठक बसली. मला बोलावलं नव्हतं. मी बल्ब बदलायला म्हणून गेलो. नीलमने बाहेरून मागवू म्हटलं, ते मी हाणून पाडलं. "वऱ्हाडातला माणूस वऱ्हाडात येतोय," मी म्हणालो, "त्याला रोडगे आणि वांग्याची भाजी घाला. जाडसर कणकेचे पदरावर पदर दिलेले गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले, फोडले की वाफ निघणारे. त्यावर तूप. माणूस खोली बघायला आला होता हे विसरून जाईल."

"गच्चीवर?" हर्षा म्हणाली.

"गच्चीवर."

"तुमाले येते काका?"

या प्रश्नाने मला जरा लागलं. रोडग्यांच्या निदान पन्नास पंगती मी शेतात, मंदिरात, धरणावर पाहिल्या आहेत. प्रत्येक ठिकाणी झाडाखाली बसून "आता उलटवा" हे मीच सांगत असे. ज्याला व्यवस्थापन म्हणतात ते सगळं माझ्याकडे असे. हे मी त्यांना समजावून सांगितलं.

"म्हणजे हात नाई लावला कधी," शकुन खालून म्हणाली. आमचा जिना आवाज फार चांगला पोचवतो.

पहिली अडचण नत्थुजींची. नत्थुजी आमच्या समोर राहतात. हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण ते फक्त कार्यालयाच्या बाजूने. त्यांनी गल्लीची एक समिती काढली आहे, तिचे ते सचिव आहेत. अध्यक्ष कोण आहे हे अजून ठरायचं आहे. व्हरांड्यात टेबल टाकून बसतात आणि कोणाच्याही घरी मांडव, ढोल किंवा धूर व्हायचा असला की परवानगी देतात. ती न घेता काही केलं तर काहीही होत नाही, पण पुढे वर्षभर ते आपल्याला नमस्कार करत नाहीत. हा दंड मला झेपत नाही.

"गच्चीवर विस्तव," नत्थुजी चष्मा पुसत म्हणाले. "कार्यक्रम कोण्या प्रकारात बसते साहेब? धार्मिक का खासगी?"

"खासगी. जेवण आहे."

"खासगी असन तर अवघड हाये. आजूबाजूच्या चारी घरांची संमती लागते. धुराची दिशा सांगावी लागते. पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्या का नाई, ते मी येऊन पाहीन."

"आणि धार्मिक असेल तर?"

"धार्मिकाले काही लागत नाई. थे तर आपलंच हाये."

मी सज्जन माणूस आहे, पण चार घरांच्या संमत्या गोळा करण्याइतका नाही. मी म्हणालो, "मग धार्मिकच समजा."

नत्थुजी उठले, कोपऱ्यावर गेले आणि समितीच्या फळ्यावर खडूने लिहिलं: रविवारी यांच्या गच्चीवर धार्मिक कार्यक्रम. खाली माझं नाव. वळणदार अक्षर. मी ते वाचलं आणि पुढे गेलो. त्या फळ्यावर मागच्या श्रावणापासून भटक्या कुत्र्यांबद्दलची सूचना होती आणि ती कोणी वाचल्याचं कुत्र्यांवरून दिसत नव्हतं.

दुसरी अडचण गोवऱ्यांची. हर्षा म्हणाली, दर्यापूरला आमच्या घरी ढीग पडला आहे, मी पोतं आणते. आणलंही. जीपमध्ये पोतं ठेवलं. जीपमध्ये जागा नव्हती, म्हणून एक मावशी त्या पोत्यावर बसल्या. हर्षाच्या सांगण्याप्रमाणे मावशी अंगाने भरल्या होत्या आणि रस्ता खड्ड्यांचा होता. मावशींना वाटेत पोतं फार मऊ लागलं, असं त्यांनी उतरताना कौतुकाने सांगितलं. अकोल्यात पोतं उघडलं तेव्हा त्यात एकही गोवरी नव्हती. भुगा होता. उत्तम, एकसारखा, चहापत्तीसारखा भुगा.

आमच्या शेजारी बेबीताई राहतात. त्यांचा फुलांचा मळा आहे आणि बाजारात ओटा आहे. त्यांनी पोत्यात हात घालून पाहिलं. "हे कुंडीत टाका भाऊजी. गुलाब बम येते."

"गुलाब जेवायला घालायचा नाहीये, बेबीताई."

"मग काय घालून राहिले?"

मी म्हणालो, कार्यक्रम आहे. त्या म्हणाल्या, हो, फळ्यावर वाचलं. मला तेव्हाच थांबायला हवं होतं, पण नीलमने मधेच फोन पुढे केला. "काका, भेटून राहिल्या गोवऱ्या. उद्या घरपोच."

शनिवारी गोवऱ्या खोक्यातून आल्या. आयुष्यात बरंच काही पाहिलं, पण फुग्यांच्या प्लास्टिकात गुंडाळलेली गोवरी पहिल्यांदाच पाहिली. बिस्किटासारखी गोल, कडेला नक्षी, खोक्यावर गाईचं रंगीत चित्र. मी एक हातात घेऊन वाजवून पाहिली, जाणकार माणूस वाजवतो तशी. "अस्सल," मी म्हणालो. खोक्यावर बारीक अक्षरात आणखीही काही लिहिलं होतं, पण माझा वाचायचा चष्मा खाली होता आणि जिन्याची चढउतार मला डॉक्टरांनी कमी करायला सांगितली आहे.

रविवारी सकाळी मुलींनी कामाला हात घातला. गच्चीवर आमच्या जुन्या कुलरचा लोखंडी टप पडला होता. उन्हाळ्यात तो गळतो म्हणून हिवाळ्यात आम्ही त्याला शिव्या देतो. त्यात वाळू भरली, म्हणजे स्लॅब तापणार नाही. वांग्याची भाजी शकुनने खाली मोठ्या गंजात चढवली. रुबीनाने कणीक मळली, हर्षाने लाट्या लाटल्या, नीलमने एकावर एक तेल लावून त्यांचे गोळे वळले. मी कठड्याला टेकून व्यवस्थापन केलं. तिघी कणकेने माखल्या होत्या आणि एकमेकींच्या नाकाला पीठ लावत होत्या. रुबीना मधेच रस्त्याकडे बघे आणि गप्प होई. मग दोघी तिच्या वेणीला पीठ लावत.

मी टपात गोवऱ्या रचल्या आणि काडी लावली.

पहिला धूर वर आला आणि रुबीनाने नाक वर केलं. "काका, अगरबत्ती कोणी लावली?"

कोणी लावली नव्हती. नीलमने खोकं उचलून वाचलं. वाचताना तिचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. "हवन व यज्ञासाठी खास. कापूर, गुग्गुळ, चंदन व तूपयुक्त."

"आता?" हर्षा म्हणाली.

"आता काय, उलटवा," मी म्हणालो. संकटात व्यवस्थापकाने डगमगून चालत नाही.

पण धुराला थांबवता येत नाही. तो गच्चीवरून निघाला, नत्थुजींच्या व्हरांड्यात शिरला, बेबीताईंच्या अंगणातून गेला आणि कोपऱ्यापर्यंत पोचला, तिथे तो फळा होता. गल्लीने फळा वाचला होता. फक्त मुहूर्त माहीत नव्हता, तो आता कळला.

सगळ्यांत आधी बेबीताई आल्या. हातात शेवंतीचा हार, मागे दोन जावा. त्यांनी गच्चीवर इकडेतिकडे पाहिलं. "देव कुठं मांडला?"

बेबीताईंच्या हातात ओला हार होता आणि तो कुठेतरी घालणं भाग होतं. गच्चीवर उंच, स्थिर आणि त्यातल्या त्यात आदर वाटेल अशी एकच वस्तू होती. त्यांनी टाकीला हार घातला, हात जोडले आणि बाजूला बसल्या. मागून आलेल्या लोकांनी टाकीला हार पाहिला आणि तेही हात जोडून बसले. नंतर आलेल्यांनी टाकीपुढे नारळ ठेवले. नत्थुजी इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि त्यांनी लोकांना रांगेत बसवायला सुरुवात केली.

या गर्दीतून जिना चढून गयासुद्दीनभाई वर आले.

उंच माणूस, पांढरी दाढी, हातात बर्फीचा डबा. त्यांना रुबीना आधी खोलीत घेऊन गेली. मीही मागे गेलो. ते गादीवर बसले, हाताने दाबून पाहिली, पुन्हा दाबली. "ही गादी कोणी भरली?"

"बाजारातून घेतली अब्बा."

"यात कापूस नाई बेटा. यात कोणाचे तरी जुने स्वेटर हायत."

सुरुवात वाईट झाली होती. मग ते गच्चीवर आले. धूर, नारळ, टाकीचा हार, बायकांची रांग, हे सगळं त्यांनी शांतपणे पाहिलं. मी फोनवर काय बोललो होतो ते मला शब्दन् शब्द आठवलं. त्यांनी मला बाजूला घेतलं. "भाऊसाहेब, पूजा कायची हाये?"

खोटं बोलायला सुचलं नाही. "कशाचीच नाही. रोडगे आहेत."

"अन् त्या टाकीले हार?"

"तो बेबीताईंनी घातला. फुलं आणली होती, आता परत कुठे न्यायची."

त्यांनी मान हलवली. "रोडगे हायत ना, मग जेवतो."

नत्थुजींनी त्यांना पाहुणे म्हणून सगळ्यांत पुढे बसवलं. शेजारी बेबीताई होत्या. इथून पुढचं मी कठड्याला धरून ऐकलं.

"तुमी रुबीनाचे वडील काय? चेहऱ्यावरूनच वाटलं. लय गुणाची पोट्टी. पावसाळ्यात ताप आल्ता तिले, तुमाले सांगतलं नसन तिनं. मी अन् शकुनताईनं रात्रभर पट्ट्या ठेवल्या. औषध नाई घेत, थुकून देते. नाक दाबून पाजलं मी."

रुबीना खाली सांडलेल्या वाळूत काडीने रेघा ओढू लागली.

"कारलं खात नाई," बेबीताईंची धाकटी जाऊ म्हणाली. "माह्याकडं दिलं होतं, तं कुत्र्याले टाकलं. मी खिडकीतून पाहिलं."

"ड्यूटीहून याले उशीर झाला तर मी कोपऱ्यावर जाऊन उभा राहातो," नत्थुजी म्हणाले. "मंगळवारी उशीर झाल्ता. चप्पल तुटली होती. डाव्या पायाची."

"आता शिवली तिनं. पण बरोबर नाई शिवली," कोणीतरी मागून म्हणालं.

कोणी कोणाच्या भानगडीत पडत नाही, असं मी मूर्तिजापूरपर्यंत कळवलं होतं. इथे मुलीच्या चपलेचा टाका सगळ्या पंगतीत चर्चिला जात होता. एक-एक माणूस बोले आणि माझा शब्द एक-एक इंच खाली जाई. गयासुद्दीनभाई फक्त ऐकत होते. मधेच एकदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टाकीकडे पाहिलं.

रोडगे वाढले. राख झटकून, फोडून, वर तूप. बाहेरून कोळसा होते आणि आत कच्चे, आणि मधला जो भाग बरोबर भाजला होता त्याला कापराची चव होती. माझ्या हयातीत असा पदार्थ कोणी खाल्ला नसेल. पण गच्चीवर कोणी तक्रार केली नाही. प्रसादाला नावं कशी ठेवायची? लोक डोळे मिटून गिळत होते आणि बाहेरून ते भक्तीसारखं दिसत होतं. नत्थुजी म्हणाले, दिव्य आहे. शकुन म्हणाली, तोंडात आरती झाल्यासारखं वाटतं. एका आजोबांनी तर आणखी एक मागितला आणि रुमालात बांधून घेतला.

गयासुद्दीनभाईंनी पहिला घास घेतला. बराच वेळ चावला. पाणी प्यायले. मग वांग्याच्या भाजीत कुस्करून ताट स्वच्छ केलं. रुबीना, हर्षा आणि नीलम समोर एका रांगेत उभ्या होत्या, तिघींच्या नाकाला पीठ. झकास ओढणी आज रुबीनाच्या अंगावर होती आणि दोघींनी तिचं एक-एक टोक पकडून ठेवलं होतं, पळून जाणाऱ्याला धरावं तसं.

पंगत उठली, लोक पाया पडून गेले, काही टाकीच्याही पडले. मी धीर करून म्हणालो, "गयासुद्दीनभाई, ही आजची गर्दी मनावर घेऊ नका. एरवी इथे खरंच शांतता असते."

"तेच तर मले घोर लावून गेलं होतं," ते म्हणाले. "तुमी फोनवर सांगतलं का आठ-आठ दिवस वर कोण हाये ते कळत नाई. मी त्या रात्री झोपलो नाई. म्हटलं पोट्टी तापानं फणफणली तं या घरात कोणाले पत्ता लागणार नाई. खोली सोडवाले आलो होतो मी. टेम्पो सांगून ठेवला होता सामानाले."

"मग आता?"

त्यांनी गच्चीवरच्या खरकट्या पत्रावळींकडे पाहिलं. "आमच्याकडं गोदामाले आग लागली होती, तवा दोघं जण आले. त्यातला एक पाहाले आला होता. इथं साधा धूर झाला तं पुरी गल्ली आली, हार घेऊन." त्यांनी खिशातून फोन काढला आणि टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगितलं. मग लेकीकडे वळून एवढंच म्हणाले, "चप्पल नवी घे."

नीलम आणि हर्षाने ओढणी सोडली. मग तिघी मिळून खोलीत गेल्या आणि आतून अशी काही किंकाळी ऐकू आली, की समोर नत्थुजी पुन्हा व्हरांड्यात आले.

जिन्यात गयासुद्दीनभाई थांबले. काहीतरी विचारायचं राहिलं होतं. "रोडगे तुमी भाजले?"

"देखरेख माझी होती," मी म्हणालो.

"हां," ते म्हणाले, आणि उतरले.

त्यानंतरच्या आठवड्यात मूर्तिजापूरहून माल आला. तीन गाद्या, नव्या कापसाच्या, तिघींना एक-एक. मुलींनी त्या गच्चीवर उन्हात टाकल्या आणि दुपारभर त्यांच्यावर लोळत हरभरा खाल्ला. नत्थुजींनी फळ्यावरचं जुनं पुसून, पौर्णिमेला तोच कार्यक्रम पुन्हा होईल असं लिहिलं आहे. मला विचारलेलं नाही. बेबीताईंनी हार बदलला. साध्या गोवऱ्या आणू का असं मी दोघा-तिघांना विचारलं, तर ते दुखावले. मागच्यासारखी चव आली पाहिजे म्हणाले.

गाद्यांबरोबर एक चौथी वस्तूही होती. लहानशी, गोल, ठासून भरलेली, बसायची गादी. तिच्यासोबतचा निरोप रुबीनाने खाली येऊन, पायरीवर न बसता, दारात उभं राहून सांगितला.

"अब्बा म्हणाले, हे काकांसाठी. पुढच्या टायमाले रोडगे असले का काकांले यावर बसवजो, अन् सगळे जेवून होईस्तोवर उठू देजो नोको."

आता मी तिच्यावरच बसून हे लिहितो आहे. गादी उत्तम आहे. व्यवस्थापनाला अशी बैठक मला आजवर कोणी दिली नव्हती.